टिटवीच्या केसांची इस्त्री

३ तारीख, मंगळवार

ही वही टिटवीने दिली. टिटवी म्हणजे माझी नात, पंधरा वर्षांची. पाळण्यात असताना अशी काही किंचाळायची की वरच्या मजल्यावरची माणसं खाली येऊन बघून जायची, म्हणून तिच्या आजोबांनी हे नाव ठेवलं. आता मोठी झाल्यावर दिवसाला मोजून बारा शब्द बोलते. मला म्हणाली, "आजी, दिवसभर भिंतींशी बोलतेस, त्यापेक्षा रोज दोन ओळी लिहीत जा." मी चौथीपर्यंत शिकलेली. पण दोन ओळींत माझं भागत नाही हे तिला लवकरच कळेल.

आनंदाची गोष्ट अशी की टिटवीला केसांची इस्त्री घ्यायची आहे. ती स्ट्रेटनर म्हणते. दोन फळ्यांचा चिमटा असतो, त्यात केस धरून ओढले की सरळ होतात. आज चहा पिता पिता म्हणाली, "शनिवारी दुकानात माझ्याबरोबर ये. तुला इस्त्रीतलं कळतं."

एकतीस वर्षं मी लाँड्रीत इस्त्री केली. हॉटेलांच्या चादरी, वेटरांचे कोट, डॉक्टरांचे पांढरे डगले. माझ्या हातच्या कॉलरवर माशी बसली तर घसरून पडेल असं आमचा मालक म्हणायचा. पण घरातल्या कुणी मला त्यातलं कधी काही विचारलं नव्हतं. आज विचारलं. चहा थंड झाला तरी मी तशीच बसून होते.

इस्त्री कशासाठी, तेही लिहिते. पंधरा तारखेला, रविवारी, तिची आई तिला न्यायला येणार आहे. म्हणजे दोन दिवसांसाठी, राहायला. टिटवीची आई माझी सून होती. टिटवी पाच वर्षांची असताना माझ्या मुलाचं आणि तिचं फाटलं. तिने दुसरं लग्न केलं, त्या घरी आता सहा वर्षांची मुलगी आहे. वर्षातून दोनदा येते, टिटवीला हॉटेलात आइस्क्रीम खायला नेते आणि फाटकाशी आणून सोडते. घरी नेणार ती पहिल्यांदाच. माझा मुलगा मालवाहू जहाजावर असतो, नऊ नऊ महिने समुद्रात. म्हणजे घरात मी आणि टिटवी.

तिने मला त्या घरचा फोटो दाखवला. आई, आईचे यजमान, मधे ती छोटी. मायलेकींचे केस शिवणाच्या दोऱ्यासारखे सरळ. टिटवीचे माझ्यासारखे, माझ्या मुलासारखे, गुंतवळ झालेल्या लोकरीच्या गुंड्यासारखे. मी म्हटलं, "आपल्या तिघांची डोकी लांबूनही ओळखू येतात."

ती म्हणाली, "तेच ना."

५ तारीख, गुरुवार

काल काही घडलं नाही. गुडघा दुखला, तो रोजच दुखतो.

टिटवी मोबाइलवर केसांच्या इस्त्र्या बघत बसते. मी शेजारी बसले. एक मुलगी दुसऱ्या मुलीचे केस ओढत होती आणि दोघी उगाच हसत होत्या. मी सांगितलं, लहानपणी तुझे केस मी पाणी मारूनच विंचरायचे. कोरडे असले की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. ओले केले की शहाण्यासारखे बसतात. कापडाचंही तेच असतं. सुती चादर कोरडी इस्त्री करणारी बाई आली तर आमची मुकादमीण तिला दुपारच्या आत घरी पाठवायची. टिटवी "हं" म्हणाली. कानात ती बोंडं घातलेली असतात, तिला किती ऐकू जातं देव जाणे.

संध्याकाळी तिने कपाट उपसलं. लोकरीचे स्वेटरसुद्धा काढून अंगाला लावून बघत होती. एवढ्या उकाड्यात स्वेटर. मुली कपडे बघायला लागल्या की त्यांना वेळकाळ राहत नाही.

७ तारीख, शनिवार

दुकानात जाऊन आलो. पाय सुजलेत, पण फार मजा आली.

काचेच्या कपाटात इस्त्र्याच इस्त्र्या, प्रत्येकीला दोरी बांधलेली, जणू पळून जाणार आहेत. विकणारी मुलगी काळ्या एप्रनमधली, केस तांब्याच्या तारेच्या रंगाचे. मी विचारलं, "सगळ्यात जड कुठली?"

"आजी, हलकी घ्या. हात दुखत नाही."

"हलक्या इस्त्रीनेच हात दुखतो. दाबावी लागते."

"ही दाबायची नसते हो. केस धरायचे आणि खाली ओढायची."

मी एक उघडून तळ बघितला. दोन तळ, समोरासमोर. विचारलं, "तळ कशाचा?"

"हिचा सिरॅमिक, हिचा टायटॅनियम."

"स्टार्च चिकटतो का?"

टिटवीने कपाळाला हात लावला. "आजी, केसांना स्टार्च नसतो."

"आमच्या मॅनेजरच्या केसांना असतो," ती मुलगी हळूच म्हणाली आणि मान वळवून बघून घेतलं. आम्ही तिघी हसलो. टिटवीसुद्धा. तिला दात आहेत हे मी विसरत चालले होते.

शेवटी दोन उरल्या. एक बारीक, तापमान कमीजास्त करायचं चक्र असलेली. दुसरी रुंद, चांगली वजनदार, एकच बटण. टिटवीच्या मनात बारीक होती. मी म्हटलं, "चक्रं आधी बिघडतात, हे माझ्याकडून लिहून घे. आणि तुझ्या डोक्यावर या चिमट्याने सुरुवात केली तर पुढच्या रविवारपर्यंत एका कानावरचेच केस होतील."

विकणारी म्हणाली, "दाट केसांना रुंद चालते. पण ही एकदम पूर्ण तापते, कमी करता येत नाही, हे सांगून ठेवते. आणि वापरताना…" तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली आणि ती गेली ती गेलीच.

टिटवीने दोन्ही हातांत दोन धरल्या. बराच वेळ बघितलं. मग बारीक ठेवून दिली. "बरं. तुझ्या मताने."

येताना रस्ता ओलांडताना तिने माझा दंड धरला होता. खोक्यात एक कागद आहे, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. मला चष्मा लावूनही वाचता येईना. टिटवी म्हणाली, "राहू दे, मला माहीत आहे."

८ तारीख, रविवार

सकाळी टिटवीने जन्माचा दाखला मागितला. आणि शाळेचे सगळे निकाल, आणि लसींचं कार्ड. मी पत्र्याच्या पेटीतून काढून दिलं. मी विचारलं, दोन दिवसांसाठी एवढे कागद कशाला. म्हणाली, "असू देत जवळ." हल्ली सगळीकडे कागद मागतात. मागे मी डोळे तपासायला गेले तर माझं लग्न कुठल्या साली झालं तेही विचारलं होतं.

तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी बॅगेत सगळ्यात खाली ठेवली.

दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती आत फोनवर बोलत होती. "मला वेगळी खोली नको. तिच्या खोलीत चालेल मला. मी तिचा अभ्यासपण घेईन." मग बराच वेळ नुसतं ऐकत होती. मग "हो. हो. तू सांगशील तेव्हा."

मुलगी गुणी आहे. दोन दिवस पाहुणी म्हणून जाणार तर तिथेही अभ्यास घेणार. मी चादरीचं एक टोक हातात धरून तशीच उभी होते, ती मागून येऊन म्हणाली, "आजी, चिमटा लाव, उडेल."

१० तारीख, मंगळवार

मुलाचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर थांबलंय. मी त्याला इस्त्रीची सगळी गोष्ट सांगितली, तो हसला. मग म्हणाला, "ती खूश आहे?"

"खूश आहे. आरशासमोरून हलत नाही."

"आई, तू एकटीने राहू शकशील का गं? म्हणजे, कधी वेळ आली तर."

मी म्हटलं, "दोन दिवसांनी मला कोण खातंय? तू तिकडे मासे मोज."

तो म्हणाला, "तिला काही विचारत बसू नकोस. जे करतेय ते करू दे." नंतर खरखर सुरू झाली. समुद्रातले फोन असेच, कामाचं बोलणं आलं की खरखर.

१४ तारीख, शनिवार

आज इस्त्री केली. माझ्या हातून टिटवीचे केस जळाले. बाकीचं उद्या लिहीन.

१५ तारीख, रविवार, सकाळी

ती अजून उठलेली नाही, किंवा उठली असेल आणि बाहेर येत नसेल. तिची आई दहाला येईल. तोवर लिहून काढते.

काल दुपारी तिने पुढचे केस स्वतः केले. कोरडे, पातळ पातळ बटा घेऊन. छान झाले होते, खोटं कशाला बोलू. चेहराच बदलला. तिच्या आईचं कपाळ आहे तिला, मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मागे तिचा हात पोचेना. म्हणाली, "आजी, मागचं तू कर. सरळ ओढ फक्त."

तिला खाली स्टुलावर बसवलं. मागचे केस भारी हट्टी. एकदा ओढले, पुन्हा उसळून वर आले. दुसऱ्यांदा तेच. मग मी काय केलं ते लिहिते, कारण तिने काल चारदा विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. खिडकीत झाडांना पाणी मारायचा फवारा होता. मी तो घेतला आणि केसांवर मारला, चांगला मानेपासून शेंड्यापर्यंत. मग मोठी बट धरली, इस्त्री लावली आणि दाबली. चर्र आवाज झाला, वाफ आली. लाँड्रीत तो आवाज आला की समजायचं कापड ऐकायला लागलं. वाफ संपेपर्यंत हलवायची नाही, नाहीतर सुरकुती राहते. मी नाही हलवली.

वास आला तेव्हा उघडली. बट माझ्या हातात आली. तळहाताएवढी जागा, मधोमध, बोटभर खुंट उरले.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हात मागे नेऊन चाचपून बघितलं. म्हणाली, "पाणी मारलंस?"

"मारलं."

"का?"

"बसत नव्हते गं. सुती कापडाला…"

"मी कापड आहे का?"

ती वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "तू मुद्दाम केलंस. बारीक घेऊ दिली नाहीस तेव्हाच ठरवलं होतंस. तुला माहीत होतं मी परत येणार नाहीये."

मला माहीत नव्हतं. आता इथे लिहिते आहे तर खरं लिहावं. कागद दिले, स्वेटर बघितले, फोन ऐकला, मुलाचं बोलणं ऐकलं. एवढं सगळं डोळ्यांसमोर वाळत घातलेलं होतं आणि मी चिमटे लावत राहिले. माहीत नव्हतं म्हणते, पण शपथ घे म्हणाल तर घेता येणार नाही. हाताचं विचाराल तर हात एकतीस वर्षं जे करत आला तेच त्याने केलं. पण रात्री झोपताना हेही मनात आलं की हाताच्या मनात काय होतं ते मला कोण सांगणार.

खाली पार्लर आहे, तिथे नेलं. पार्लरवाली म्हणाली, "ओल्या केसांना लावली? अहो आजी, पाणी केसाच्या आत उकळतं. हे कुणीही सांगितलं असतं." मी म्हटलं, सांगणारी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. तिला काही कळलं नाही. ती म्हणाली, एवढं मधोमध गेलंय तर सगळेच आखूड करावे लागतील, नाहीतर भोक दिसेल. कानाच्या वर कापले. धुतल्यावर पुढचे सरळ केलेलेही पुन्हा कुरळे झाले. आरशात बघितलं तर मीच बसले होते, पंधरा वर्षांची.

टिटवीने आरशाकडे पाठ केली.

त्याच दिवशी, दुपारी

गेली ती.

तिची आई दहाला आली. टिटवी खोलीत बॅग बंद करत होती, मी खाली फाटकाशी गेले. म्हटलं, आधी मीच सांगावं, पोरीला सांगायला लागू नये. ती गाडीतून उतरली, सोबत ती छोटी. जिन्यात पहिल्या वळणावर मी थांबले, गुडघ्यासाठी. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं." अजून मला आई म्हणते. मीही सूनबाईच म्हणते, दुसरं तोंडात बसत नाही.

छोटीला तिने पुढे पाठवलं. म्हणाली, "ती मेसेजमध्ये शाळेचं विचारते. दाखला घेऊन येऊ का, म्हणते. मी नाही असं म्हटलेलं नाही. पण आमच्याकडे तीन खोल्या आहेत. आणि ह्यांच्याशी मी तो विषय काढलेलाच नाही. काढायचा आहे असंही नाही. दोन दिवस राहू दे, हिंडू दे. पण तेवढंच. तुम्ही समजावा तिला. तुमचं ऐकते ती."

"काल दुपारपर्यंत ऐकायची," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"सूनबाई, हे तू तिला आधी का नाही सांगितलंस?"

ती कठड्यावरून बोट फिरवत राहिली. "ती इतकी खूश होती. मला जमलं नाही हो, आई."

तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मलाही कुठे काय जमलं होतं.

वर टिटवी दारात बॅग घेऊन उभी होती. आईने बघितलं. "अगं, केस?"

"कापले," टिटवी म्हणाली. माझं नाव घेतलं नाही.

छोटी तिच्याकडे बघून म्हणाली, "फोटोतली ताई कुठे आहे?"

आई घाईघाईने म्हणाली, "हीच ती. छान दिसतात, सुटसुटीत." आणि टिटवीच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, पण तो खांद्यावर ठेवला. टिटवी माझ्याकडे न बघता जिना उतरली. बॅग जड होती. एक एक पायरी आपटत गेली.

मी तिला काही समजावलं नाही. कधी समजावणार होते? जिन्यात, त्या छोटीसमोर?

१६ तारीख, सोमवार

घरात आवाज नाही. भिंतींशी बोलायला गेले तर त्याही रुसल्यासारख्या. दोन कप चहा केला, सवयीने. दोन्ही प्याले.

१७ तारीख, मंगळवार

काल संध्याकाळीच तिची आई तिला फाटकाशी सोडून गेली. टिटवी वर आली, बॅग तशीच ठेवली आणि झोपली. काही खाल्लं नाही. आज शाळेतून आली तरी काही खाल्लं नाही. दूध ठेवलं, त्यावर साय आली. पाव ठेवला, तो वाळला. बारा शब्दांवरून शून्यावर आली.

चार वाजता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. प्लॅस्टिकची पिशवी ओट्यावर ठेवली. दाखला, निकाल, सगळं जसंच्या तसं, उघडलेलंसुद्धा नाही.

"पेटीत ठेव," म्हणाली. "आई म्हणाली पुढच्या वर्षी बघू."

मी पिशवी उचलली.

"मला असं बघितलं आणि तिचं मन बदललं," ती म्हणाली. "केस नीट असते तर ठेवून घेतलं असतं तिने. हो ना?"

जिन्यातलं सगळं माझ्या जिभेवर होतं. केसांचा काही संबंध नाही गं बाई, तिने तुला बघायच्या आधीच सांगितलं होतं. एवढं म्हटलं की मी सुटले. माझ्यावरचा आळ गेला. पण मग पोरीच्या हातात काय उरतं? केस वाढतात. तिच्या आईच्या घरातल्या खोल्या वाढत नाहीत.

मी पिशवीची घडी करत राहिले. प्लॅस्टिकची घडी बसत नाही, तरी करत राहिले.

"तू मुद्दाम केलंस," टिटवी म्हणाली. "मी जाऊ नये म्हणून. सांग ना, केलंस म्हणून."

ते "सांग ना" अगदी लहानपणी गोष्ट मागायची तसं. तिला कशासाठी एवढं हवं होतं, मला कळलं नाही. तिच्या डोळ्यांत राग असेल म्हणून बघितलं, तर राग नव्हता. वाट बघत होती.

मी म्हटलं, "हो. मुद्दाम केलं. तू जायला नको होतीस मला."

पहिलं वाक्य खोटं, दुसरं खरं. एका दमात दोन्ही निघाली. ती म्हणाली, "तुला कधीच माफ करणार नाही," आणि खोलीत जाऊन दार आपटलं.

१९ तारीख, गुरुवार

माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत गेले की ती गॅलरीत जाते, मी गॅलरीत गेले की ती खोलीत. एवढ्याशा घरात हे करणं सोपं नाही, पण मोठ्या शिस्तीने करते.

पण खायला लागली. काल संध्याकाळी दोन अंडी खाल्ली. आज सकाळी दूध प्यायली, सायीसकट. दुपारी डबा रिकामा आणला. आत्ता माझ्याकडे पाठ करून जेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताट धुतलं आणि रॅकमध्ये असं आदळलं की शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केलं.

मी ऐकत बसले. चांगला जोर आहे हाताला.